प्रिन्स ऑफ पर्शिया : जड नियंत्रणांवर ताबा मिळवण्याची रीत

१९८९ साली ॲपल-२ संगणकासाठी ब्रॉडरबंड या अमेरिकन कंपनीने प्रसिद्ध केलेला आणि पुढच्याच वर्षी डॉस या जुन्या संगणक-प्रणालीवर आलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ आज जो कोणी प्रथमच उघडतो, त्याच्या दोन गोष्टी लगेच लक्षात येतात. नायकाची चाल आजही थक्क करते. तो धावतो तेव्हा त्याचे हात, कंबर आणि पाय खऱ्या माणसासारखे हलतात. मात्र कळ दाबल्यावर तो लगेच ऐकत नाही, थांब म्हटल्यावर दोन पावले पुढे जाऊन थांबतो, आणि त्या दोन पावलांतच खड्डा असतो. नव्वदच्या दशकात शाळेच्या किंवा क्लासच्या संगणकावर हा खेळ ज्यांनी पाहिला, त्यांतल्या कित्येकांनी पहिल्या दोन-तीन पातळ्यांपलीकडे मजल मारली नाही, ती याच कारणाने.

या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे आणि ते समजल्याशिवाय पुढच्या कोणत्याही सूचनेचा उपयोग होणार नाही. खेळाचे कर्ते जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाचे धावणे, उडी मारणे आणि कठड्यावर चढणे व्हिडिओवर टिपले आणि त्यातील एकेका चित्रावरून नायकाच्या हालचाली रेखाटल्या. या पद्धतीला रोटोस्कोपिंग म्हणतात. खऱ्या माणसाला धावता धावता जागच्या जागी गोठता येत नाही. त्याला वेग घेण्यासाठी आणि वेग मोडण्यासाठी काही क्षण लागतात. खेळात सेकंदाला साधारण १२ चित्रे दाखवली जातात आणि एकदा सुरू झालेली हालचाल तिची ठरलेली चित्रे पुरी झाल्याखेरीज सहसा मोडत नाही. म्हणजे ज्या कारणाने चित्र देखणे झाले, त्याच कारणाने नियंत्रण जड झाले. घाटात उतरणारा एसटीचा चालक वळण समोर आल्यावर नव्हे, तर त्याच्या आधीच गिअर उतरवतो. हा खेळही तसाच, एक हालचाल आधी विचार करून खेळायचा आहे.

खेळण्यापूर्वीची तयारी

आजच्या संगणकावर हा खेळ चालवण्याचे तीन मार्ग सोयीचे आहेत. डॉस आवृत्ती डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस खेळ आजच्या संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालते, इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर ती ब्राउझरमध्येच खेळता येते, आणि 'एसडीएलपॉप' या नावाने तिची मुक्त स्रोत असलेली नवी बांधणी मोफत मिळते. शिकणाऱ्याने एसडीएलपॉपच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात मूळ खेळाची गती आणि चित्रे तशीच राहतात, गेमपॅड चालतो, आणि एफ-६ ने कोणत्याही क्षणी खेळ जपून (सेव्ह करून) एफ-९ ने तिथेच परतता येते. एकाच अवघड उडीचा पुन:पुन्हा सराव करण्यासाठी याहून चांगले साधन नाही. मूळ डॉस आवृत्तीत पहिल्या पातळीनंतर कुप्यांची एक खोली लागते आणि छापील पुस्तिकेत सांगितलेल्या जागी असलेल्या शब्दाचे आद्याक्षर पाहून योग्य कुपी निवडावी लागते. नक्कल रोखण्यासाठी केलेली ही तजवीज एसडीएलपॉपमध्ये मुळातच बंद असते.

ब्राउझरमध्ये खेळणाऱ्याने एक अडचण ध्यानात ठेवावी. या खेळात कंट्रोल-ए ने पातळी पुन्हा सुरू होते, कंट्रोल-जी ने खेळ जपला जातो आणि कंट्रोल-एल ने जपलेला खेळ उघडतो; परंतु याच जोड्या ब्राउझर स्वतःच्या कामासाठी वापरतो, त्यामुळे त्या खेळापर्यंत पोहोचतीलच असे नाही.

विंडोजवर खेळत असाल तर सुरुवात करण्यापूर्वी 'स्टिकी कीज' ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी. या खेळात शिफ्ट ही सर्वांत जास्त वापरली जाणारी कळ आहे आणि ती लागोपाठ पाच वेळा दाबली गेली की विंडोज खेळाच्या मधोमध एक चौकट उघडते. तलवारीच्या झुंजीत असे झाले तर जीव गेलाच म्हणून समजा. तसेच काही स्वस्त कळफलकांवर शिफ्ट आणि दोन बाणकळा अशा तीन कळा एकत्र दाबल्या तर त्यांतील एखादी नोंदलीच जात नाही. धावत उडी मारून पलीकडची कड पकडताना नेमक्या याच तीन कळा लागतात. उडी वारंवार फसत असेल तर स्वतःच्या बोटांना दोष देण्याआधी दुसरा कळफलक किंवा गेमपॅड लावून पाहावा.

पाऊल, धाव आणि उडी

डावा-उजवा बाण दाबून धरला की नायक धावतो, वरचा बाण दाबला की उडी मारतो किंवा चढतो, खालचा बाण दाबला की वाकतो किंवा कडेवरून खाली उतरतो. हे कोणालाही अर्ध्या मिनिटात कळते. खेळ खऱ्या अर्थाने उलगडतो तो शिफ्टमुळे.

शिफ्ट दाबून ठेवून बाणकळ एकदा टिचकावली की नायक एक जपून पाऊल टाकतो. हे पाऊल कड आली की आपोआप आखूड होते आणि तो अगदी काठावर थांबतो. त्यानंतर पुन्हा पुढे रेटले तर तो आधी पायाने चाचपतो; तरीही रेटत राहिलात तर मात्र खाली जातो. प्रत्येक पावलासाठी बाणकळ पूर्ण सोडून पुन्हा दाबावी लागते. ती नुसती दाबून धरली तर दुसरे पाऊल पडत नाही, आणि नवख्या माणसाला कळफलक बिघडल्यासारखे वाटते. अनोळखी खोलीत शिरल्यावर जपून पावले टाकण्याची सवय लावून घ्या. जमिनीतून उसळणारे काटे धावणाऱ्याचा आणि त्यांवर उडी घेणाऱ्याचा जीव घेतात. जपून पावले टाकणारा मात्र त्यांच्यामधून सुखरूप पार होतो.

उड्या दोन प्रकारच्या आहेत. उभ्याने मारायच्या उडीसाठी आधी जपून पावलांनी काठ गाठावा आणि मग पुढचा व वरचा बाण एकत्र दाबावा. धावत मारायची उडी बरीच लांब जाते, मात्र तिच्यात दोन गोष्टी पाळाव्या लागतात. पहिली, धावेची सुरुवातीची चित्रे पूर्ण होऊन वेग आल्याशिवाय उडी लागतच नाही. म्हणून काठाला चिकटून धाव सुरू करू नये, तर जपून पावले मोजत मागे यावे आणि मोकळी जागा घेऊन सुटावे. दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. समोर खड्डा किंवा काटे असतील आणि वरचा बाण जरा लवकर दाबून तसाच धरून ठेवला, तर खेळ नायकाला काठाजवळ येऊ देतो आणि योग्य जागेवरूनच उडवतो. तेव्हा शेवटच्या क्षणाची वाट पाहण्याऐवजी थोडे आधीच दाबून धरावे. उशीर झाला तर मात्र खेळ कसलीही मदत करत नाही. या उडीत नायक हवेत असतानाच शिफ्ट दाबून धरली, तर पाय पोहोचले नाहीत तरी हातांनी पलीकडची कड पकडता येते. मग वरचा बाण दाबून चढावे. लटकलेले असताना शिफ्ट सोडली की हात सुटतो.

धावताना एकदम उलटा बाण दाबला तर नायक घसरत पुढे जाऊन वळतो, आणि त्या घसरण्यात बरीच फरशी खर्च होते. थांबतानाही तो थोडा पुढे सरकतोच. काठाजवळ दिशा बदलायची असेल तर आधी बाण सोडून त्याला पूर्ण उभा राहू द्यावा आणि मगच वळवावे.

पडण्याचा हिशेब सोपा आहे. एक मजला पडल्याने काही होत नाही, दोन मजले पडले तर पडद्यावर जीव दाखवणाऱ्या त्रिकोणांपैकी एक जातो, तीन मजले पडले तर मृत्यू ठरलेला. म्हणून जिथे खालची जमीन दिसत नाही तिथे उडी मारू नये. खड्ड्याकडे पाठ करून काठावर उभे राहावे, शिफ्ट धरून खालचा बाण दाबावा, आणि लटकल्यावर हात सोडावा. लटकल्यामुळे पडण्याची उंची कमी होते आणि पुष्कळदा त्यावरच त्रिकोण वाचतो.

फरश्या, फाटके आणि पाती

सैल फरश्या नुसत्या पाहून ओळखणे अवघड असते, पण जागच्या जागी वर उडी मारली की त्या ओळीतल्या सैल फरश्या थरथरतात. ही परीक्षा फुकट आहे. संशय आला की करावी. सैल फरशीवरून न थांबता धावत गेल्यास ती मागे कोसळते आणि आपण पुढे निघून जातो. वरून फरशी डोक्यात पडली तर एक त्रिकोण जातो. तीच फरशी फाटक उघडणाऱ्या, दाबल्या जाणाऱ्या फरशीवर जाऊन पडली, तर ते फाटक कायमचे उघडे राहते. एरवी उघडलेले फाटक हळूहळू खाली येत राहते, आणि काही फरश्या तर पाय पडताच फाटक धाडकन बंद करतात. त्यांवरून उडी मारून जावे.

वर-खाली मिटणारी दातेरी पाती अनेकांना अन्यायकारक वाटतात, पण त्यांची लय ठरलेली असते. जपून पावलांनी पात्यांच्या अगदी जवळ उभे राहावे, एक-दोन वेळा ती मिटू द्यावीत, आणि मिटून उघडताच पुढे जावे. एकामागून एक पाती असतील तर प्रत्येकाच्या आधी थांबावे. एका धावेत सगळी पार करण्याचा मोह टाळावा.

कुप्यांपैकी लाल बुडबुड्यांची लहान कुपी एक त्रिकोण परत देते. मोठी लाल कुपी सगळे त्रिकोण भरून त्यांत कायमची एकाची भर घालते, त्यामुळे तिच्यासाठी वाकडी वाट करणे जवळपास नेहमीच परवडते. खेळ फक्त तीन त्रिकोणांनी सुरू होतो. निळी कुपी विषारी असते. हिरवी कुपी दोन ठिकाणी वेगळे परिणाम दाखवते : सातव्या पातळीत तिच्यामुळे नायक पिसासारखा अलगद खाली उतरतो, तर नवव्या पातळीत सगळे चित्रच उलटे होते.

तलवार

पहिल्या पातळीत तुरुंगाच्या खालच्या भागात पडलेली तलवार शिफ्टने उचलण्याआधी पहारेकऱ्याच्या वाटेला जाऊ नये. तलवार हातात नसताना बसलेला एकच वार जीव घेतो, मग त्रिकोण कितीही असोत. हाच नियम तलवार म्यान केल्यावरही लागू होतो, म्हणून झुंज चालू असताना चुकून खालचा बाण दाबला जाणार नाही याची काळजी घ्यावी, कारण त्याने तलवार म्यान होते. पुन्हा उपसण्यासाठी शिफ्ट दाबावी लागते.

झुंजीत शिफ्टने वार होतो, वरच्या बाणाने वार अडवला जातो आणि डाव्या-उजव्या बाणांनी पुढे-मागे सरकता येते. या झुंजीच्या हालचाली १९३८ च्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' या चित्रपटातल्या तलवारबाजीवरून घेतलेल्या आहेत, आणि झुंज सुरू झाली की चित्रांचा वेग सेकंदाला १० पर्यंत उतरतो. म्हणजे खेळ येथे आपल्याला विचारासाठी थोडा जास्त वेळ देतो, आणि तो वापरायला हवा. शिफ्ट भराभर बडवल्याने पहिला एखादा पहारेकरी पडतो, पण पुढचे पडत नाहीत. पहारेकऱ्याला आपल्याकडे येऊ द्यावे, त्याचा हात उठताना दिसला की वरचा बाण टिचकावून वार अडवावा आणि लगेच शिफ्ट दाबून उलटा वार करावा. अडवणे आणि वार या दोन्हींमध्ये अंतर पडू देऊ नये. हीच जोडी हातात बसली तर सहाव्या पातळीतला जाडा पहारेकरीही आटोक्यात येतो. मागे सरकताना आपल्या पाठीशी खड्डा नाही ना हे पाहावे. उलट पहारेकऱ्याच्या पाठीशी खड्डा किंवा पाती असतील, तर प्रत्येक वारासरशी त्याला त्यांच्याकडे रेटत न्यावे.

बळाने न सुटणाऱ्या जागा

काही पातळ्यांत कौशल्य कितीही असले तरी युक्ती माहीत नसेल तर वाट सापडत नाही. तिसऱ्या पातळीत बाहेरचे दार उघडल्यावर जमिनीवरचा सांगाडा उठून तलवार चालवू लागतो. तो वारांनी मरत नाही. त्याला मागे मागे ढकलत नेऊन खाली पाडावे लागते.

चौथ्या पातळीत दार उघडून परतताना वाटेत एक आरसा उभा राहिलेला दिसतो. त्याच्यापुढे चालत जाऊन काही होत नाही. दूर जाऊन धावत उडी मारून थेट आरशात घुसावे. नायक आरपार जातो, त्याची सावली दुसऱ्या बाजूने बाहेर पडून निघून जाते आणि आपल्याकडे एकच त्रिकोण उरतो. हे होणारच आहे, म्हणून घाबरून पातळी पुन्हा सुरू करू नये. ॲपल-२ च्या स्मृतीत आणखी एका पात्राच्या चित्रांसाठी जागा उरली नव्हती, म्हणून मेकनर यांनी नायकाचीच चित्रे गणिती क्रियेने बदलून ही सावली निर्माण केली. मर्यादेतून जन्मलेले हे पात्र मला संपूर्ण खेळातले सर्वांत सुंदर वाटते. पाचव्या पातळीत हीच सावली आपल्याआधी मोठी कुपी पिऊन जाते, आणि सहाव्या पातळीच्या शेवटी आपल्या तोंडावर फाटक बंद करून आपल्याला खाली पाडते. तिथे आपले काही चुकलेले नसते. सातव्या पातळीत जाण्याची वाटच ती आहे.

आठव्या पातळीत दार उघडून परत येताना फाटक बंद झालेले आढळते आणि ते उघडण्यासाठी काहीच सापडत नाही. अशा वेळी शोधाशोध न करता तिथेच थांबावे. नायकाला जिच्यापर्यंत पोहोचायचे आहे त्या राजकन्येने पाठवलेला उंदीर येतो आणि फरशी दाबून फाटक उघडतो.

बाराव्या पातळीत मनोऱ्यावर सावली तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला घातलेला प्रत्येक घाव आपल्यालाच लागतो. खालचा बाण दाबून तलवार म्यान करावी; सावलीही तसेच करते, आणि मग सरळ तिच्या अंगावर चालून गेले की दोघे एक होतात. यानंतर डावीकडे जिथे जमीन दिसत नाही तिथे धावत सुटावे. पायांखाली फरश्या उमटत जातात.

साठ मिनिटांचा हिशेब

वजीर जाफर राजकन्येला एका तासाची मुदत देतो, म्हणून सगळ्या पातळ्या मिळून ६० मिनिटेच हाती असतात. स्पेस कळ दाबली की उरलेला वेळ दिसतो. मेल्यावर पातळी सहसा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, पण गेलेला वेळ परत मिळत नाही. जपलेला खेळ उघडला तर मात्र जपण्याच्या क्षणी जेवढा वेळ होता तेवढा परत मिळतो. वेळेचे सारे नियोजन या एका फरकावर उभे आहे.

डॉस आवृत्तीत तिसऱ्या पातळीपासून कंट्रोल-जी ने खेळ जपता येतो, आणि जपलेला खेळ नेहमी त्या पातळीच्या आरंभापासून उघडतो. म्हणून नव्या पातळीत पाऊल ठेवताच, एक क्षणही न दवडता, खेळ जपून घ्यावा. मग हवा तेवढा वेळ ती पातळी फिरून पाहावी, वाटा लक्षात ठेवाव्यात, मेल्यास मरावे. आणि वाट पाठ झाली की खेळाच्या सुरुवातीच्या पडद्यावर जाऊन कंट्रोल-एल ने परत यावे आणि ती सलग खेळावी. पातळीच्या मध्यात जपल्यास मागचा वेळ गेलेलाच राहतो आणि सुरुवातही पुन्हा करावी लागते, त्यामुळे त्याने तोटाच होतो. मधेच मोठी कुपी मिळून वाढलेला त्रिकोणही त्या जपण्यात धरला जात नाही. तो पातळी पार केल्यावरच पक्का होतो.

पहिल्या दोन पातळ्यांत खेळ जपता येत नसल्याने त्या झटपट पार करण्याचा सराव वेगळा करावा, कारण तिथे वाचवलेले प्रत्येक मिनिट शेवटपर्यंत सोबत राहते. जाफरशी गाठ पडेल तेव्हा घाईने त्याच्यावर तुटून पडू नये. त्याच्याशीही अडवणे आणि लगेच वार करणे हीच रीत चालते, आणि तो पडला की घड्याळ थांबते.